शिबिरात साखर मोजता, तेवढ्यात हेही बघा

प्रति,
उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सभासद आणि आरोग्य शिबिरांचे स्वयंसेवक यांस

स. न. वि. वि.

मी न्यू जर्सीत राहते आणि इस्पितळांसाठी दुभाष्याचं काम करते. बहुतेक वेळा फोनवरच. एका टोकाला डॉक्टर, दुसऱ्या टोकाला कुणा इंजिनियरची साताऱ्याहून आलेली आई, आणि मधे मी. या कामाचे दोन नियम आहेत. आपल्या पदरचं काही घालायचं नाही आणि ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. दुसरा नियम मी या पत्रातही पाळणार आहे, त्यामुळे इथे कुणाही रुग्णाची गोष्ट सापडणार नाही. पहिला मात्र आज मोडते. इतकी वर्षं दुसऱ्यांचं बोलले, आज थोडं माझं.

मागच्या वर्षी आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाची मीटिंग एका सभासदाच्या बेसमेंटमध्ये भरली होती. ढोल-ताशा पथकाला शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये किती वाजेपर्यंत वाजवता येईल, यावर पाऊण तास गेला. मग आरोग्य शिबिराचा विषय निघाला. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि एका हृदयरोगतज्ज्ञांचं व्याख्यान. दरवर्षीचंच, आणि चांगलंच. मी म्हटलं, यंदा यात यकृत बिघडवणाऱ्या हिपॅटायटिस बीची आणि टीबीची रक्ततपासणी घालू या. खोलीत शांतता पसरली. मग एक गृहस्थ, मोठे प्रेमळ, म्हणाले, "वहिनी, बाप्पाच्या मांडवात टीबी-बिबी कशाला? स्पॉन्सर काय म्हणतील?" दुसऱ्यांनी जोड दिली, "हिपॅटायटिस बी हा चायनीज लोकांचा प्रॉब्लेम. आणि टीबी आता होतो कुणाला? आपण सगळे शिकलेसवरलेले." तेवढ्यात चहा आला आणि गाडी बटाटेवड्यांवर गेली.

मी तेव्हा गप्प बसले. घरी येताना गाडीत नवऱ्याशी भांडले, ते वेगळं. त्या वेळी सुचलं नाही ते उत्तर आता लिहून काढते आहे. आमच्याच मंडळाला न लिहिता सगळ्यांना लिहिते, कारण डॅलसची, शिकागोची, बे एरियाची मंडळी भेटतात तेव्हा तिथल्या शिबिरांची यादीही शब्दशः हीच असते.

टीबी होतो कुणाला? अमेरिकेत २०२३ साली टीबीचे ९,६०० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्याआधीच्या दहा वर्षांत इतके नव्हते. २०२४ मध्ये आकडा १०,००० च्या वर गेला. एवढ्या मोठ्या देशाच्या मानाने हे थोडेच. पण यातले चारातले तीन जण अमेरिकेबाहेर जन्मलेले असतात, आणि जन्मदेशांच्या यादीत भारत वर्षानुवर्षं पहिल्या पाचांत आहे. सोबत बहुतेक वर्षी मेक्सिको, फिलिपाइन्स, व्हिएतनाम आणि चीन. इथल्या गोऱ्या माणसाच्या तुलनेत आशियाई माणसात टीबीचं प्रमाण तीस पटींच्या आसपास आहे. तीस टक्के नव्हे, तीस पट. मधुमेहात किंवा हृदयविकारात आपल्यात आणि इतरांत एवढी दरी असती तर आपण अधिवेशनात त्यावर तीन परिसंवाद ठेवले असते.

शिकण्या-सवरण्याचा इथे फारसा संबंध नाही. टीबीचा जंतू हवेतून येतो. लोकलच्या डब्यात, एसटीत, कॉलेजच्या होस्टेलवर, लहानपणी शेजारच्या खोकणाऱ्या आजोबांच्या अंगणात, कुठेही तो आत शिरतो आणि बहुतेकांच्या शरीरात निपचित पडून राहतो. भारतात २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाच्या लोकांत ही लागण सापडली. यातल्या फार थोड्यांना आजार होतो. उपचार न घेतलेल्या शंभरातल्या पाच ते दहांना, आयुष्यात कधी तरी. पण कधी, ते सांगता येत नाही. मिरजेतून आलेला जंतू मिलपिटसमध्ये वीस वर्षांनी जागा होऊ शकतो. अमेरिकेतले ८० टक्क्यांहून जास्त टीबीचे आजार असेच जुन्या लागणीतून उठतात. इथे कुणाकडून तरी नव्याने लागलेले नसतात. म्हणजे बॅगेत लोणच्याच्या बरण्या आणतो तसं हेही आपण सोबत आणलेलं असतं, फक्त कस्टमला दिसत नाही.

आणि तो जागा का होतो? शरीराची राखण ढिली पडली की. म्हातारपण, स्टेरॉइड, केमोथेरपी, डायलिसिस, संधिवातावर किंवा आतड्याच्या सुजेवर देतात ती नवी इंजेक्शनं, आणि मधुमेह. मधुमेह असला की टीबी उठायची शक्यता दुपटी-तिपटीने वाढते. आपल्या शिबिरात ज्याची साखर वाढलेली निघते, त्यालाच खरं तर पुढचा प्रश्न विचारायला हवा. आपण त्याला डाएटचा कागद देतो आणि वडापावच्या रांगेत सोडून देतो.

माझी स्वतःची गोष्ट सांगते, त्याला गोपनीयतेचा नियम आड येत नाही. मी २००९ साली नवऱ्याच्या मागे एच-फोर व्हिसावर आले. विमानात बसण्याआधी माझी कसलीही आरोग्यतपासणी झाली नव्हती, नवऱ्याचीही नव्हती. नोकरीच्या, शिक्षणाच्या, पर्यटनाच्या व्हिसाला ती लागतच नाही. लागते ती ग्रीन कार्डला. आणि भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची रांग तुम्हाला माहीत आहेच, तिच्यावर विनोद करून करून आपण थकलो. म्हणून माझी टीबीची पहिली तपासणी झाली २०२१ साली. म्हणजे ज्या देशात टीबी जास्त, तिथल्या माणसांना रांग लांब, आणि रांग लांब म्हणून तपासणी उशिरा. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, पण झालंय खरं.

रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आली. एक्स-रे स्वच्छ. ग्रीन कार्डची मेडिकल करणाऱ्या क्लिनिकने सांगितलं की अर्जाला अडचण नाही, आणि बंद पाकीट हातात ठेवलं. पुढे काय करायचं, ते पाकिटात असेल तर असेल, मला कुणी सांगितलं नाही. मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. आपल्याच बाजूचे, मराठीत बोलणारे. ते हसले. "अहो, आपल्या सगळ्यांचीच पॉझिटिव्ह येते. लहानपणची टीबीची लस, बीसीजी, तिच्यामुळे. सोडून द्या."

मी सोडून दिलं असतं. पण आदल्याच आठवड्यात फोनवर एका डॉक्टरांचं म्हणणं मी स्वतःच्या तोंडाने मराठीत सांगितलं होतं: हातावर टोचून फोड बघतात त्या जुन्या तपासणीत बीसीजीमुळे गोंधळ होऊ शकतो, पण रक्ताच्या या नव्या तपासणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. दुभाष्याच्या कामाचा एवढा फायदा मला कधी झाला नव्हता. मी कौंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, आरोग्य खात्याच्या टीबी क्लिनिकमध्ये गेले आणि चार महिने रोज रिफॅम्पिन हे औषध घेतलं. लघवी शेंदरी होते, घाम आणि डोळ्यांतलं पाणीही जरा केशरी होतं, कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी ते दिवस चष्मा लावावा. गर्भनिरोधक गोळ्यांचा असर या औषधाने कमी होतो, तेही डॉक्टरांना विचारून घ्यावं. मला बाकी काही त्रास झाला नाही. आठवड्यातून एकदा असे बारा डोस घेऊन संपणारा दुसराही एक कोर्स आहे. पूर्वी नऊ महिने रोज गोळ्या घ्याव्या लागत, म्हणून आपले ज्येष्ठ डॉक्टर अजून त्या आठवणीने कंटाळतात.

त्या चार महिन्यांत मी मंडळात कुणाला काही बोलले नाही. गोळ्यांची बाटली मसाल्याच्या कपाटात हिंगाच्या डब्यामागे ठेवायचे. मैत्रीण चहा करायला ओट्यापाशी गेली की माझा जीव वर-खाली. मला आजार नव्हता, माझ्यापासून कुणाला काही होणार नव्हतं, हे दिवसातून तीनदा लोकांना मराठीत समजावून सांगणारी बाई मी. आणि बाटली हिंगामागे. तेव्हा मीटिंगमध्ये गप्प झालेल्या कुणालाच मी नावं ठेवत नाही.

हा संकोच भाषेतही शिरलेला आहे. डॉक्टर म्हणतात 'लेटंट टीबी इन्फेक्शन'. त्यांच्या लेखी लागण वेगळी आणि आजार वेगळा. मी सांगते, "तुमच्या शरीरात टीबीचे जंतू आहेत, पण ते झोपलेले आहेत. तुम्हाला आजार नाही. घरात कुणाला तुमच्यापासून होणार नाही." पलीकडून हमखास एकच प्रश्न येतो, "म्हणजे मला टीबी झालाय?" आणि पाठोपाठ, "सुनेला सांगू नका हं." मराठीत टीबी म्हटलं की शिवडीचं इस्पितळ, मिरजेचं सॅनेटोरियम, वेगळं काढलेलं ताट-वाटी आणि मोडलेलं लग्न डोळ्यांसमोर येतं. झोपलेला टीबी असा काही प्रकार असतो, हे आपल्या बोलण्यात अजून आलेलंच नाही.

कावीळ या शब्दाची अडचण त्याहून मोठी. डॉक्टर विचारतात, घरात कुणाला हिपॅटायटिस बी होता का? मी शब्दशः सांगितलं तर पलीकडे कळत नाही, म्हणून "एका प्रकारची कावीळ" असं म्हणावं लागतं. आणि उत्तर येतं, "छे, मला कधीच कावीळ झाली नाही." किंवा, "झाली होती ना, सातवीत असताना. गावातल्या बाईंनी माळ घातली, माळ लांब झाली तशी उतरली." हातांना चुना लावून पिवळं पाणी उतरवण्याचा प्रकारही तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिला असेल. ती कावीळ बहुधा दूषित पाण्याची, ए किंवा ई विषाणूची. ती आपोआपच बरी होते, म्हणून माळेची पुण्याई टिकून राहिली. हिपॅटायटिस बी निराळा. तो आईकडून बाळाला जन्माच्या वेळी जातो, नीट न उकळलेल्या सुईतून जातो, रक्तातून आणि शरीरसंबंधातून जातो. डोळे पिवळे होतीलच असं नाही. जन्मताना लागण झालेल्या दहा बाळांपैकी नऊ जणांत तो कायमचा ठाण मांडतो. मोठेपणी लागण झाली तर शंभरातल्या पाचांतही नाही. तीस-चाळीस वर्षं काही दुखत नाही, खुपत नाही, आणि मग एक दिवस यकृताचा सिर्‍होसिस किंवा कर्करोग. यात दारूचा थेंब लागत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण यकृत बिघडलं म्हटलं की आपल्याकडे बायका नवऱ्याकडे बघतात.

"चायनीज लोकांचा प्रॉब्लेम" हे वाक्य माझ्या मनात अजून रुतून बसलंय. ते आलं कुठून, ते कळतं. अमेरिकेच्या लोकसंख्येत आशियाई माणसं सात टक्क्यांच्या आसपास, पण जुनाट हिपॅटायटिस बी असलेल्यांत निम्म्याहून अधिक. यात चिनी, व्हिएतनामी, कोरियन माणसांचं प्रमाण आपल्याहून जास्त असतं हे खरंच. पण त्या समाजांनी ते कबूल केलं आणि कंबर कसली. स्टॅनफर्डमध्ये १९९६ पासून याच विषयाला वाहिलेलं केंद्र आहे. सॅन फ्रान्सिस्कोत २००७ साली अख्ख्या शहराने मोहीम काढली. तैवानने १९८४ मध्ये बाधित आयांच्या बाळांना आणि दोन वर्षांनी प्रत्येक नवजात बाळाला लस द्यायला सुरुवात केली, आणि जिथे दहा मुलांत एक बाधित असायचं तिथे शंभरात एकही राहिलं नाही. आपल्याकडे भारतात ही लस देशभरच्या सरकारी कार्यक्रमात २०११ मध्ये आली. हिशेब करा. आज एडिसनमध्ये, फ्रीमाँटमध्ये मंडळाच्या नाटकात काम करणारी पस्तिशी-चाळिशीतली पिढी लशीच्या आधीची आहे. तिच्या बालपणी दवाखान्यात काचेची सिरिंज स्टोव्हवरच्या भांड्यात उकळत असायची, आणि किती वेळ उकळली ते कंपाउंडरच जाणे. फार मागे जायलाही नको. २००९ साली गुजरातच्या मोडासा भागात वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याने हिपॅटायटिस बीची साथ आली आणि माणसं गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात हा विषाणू बाळगणाऱ्यांच्या संख्येत चीनच्या खालोखाल भारताचा नंबर आहे, सुमारे तीन कोटी. तीन कोटी माणसं असलेलं दुखणं शेजाऱ्याचं कसं?

मुळात हा 'आशियाई' शब्दच घोटाळ्याचा आहे. मी पुण्यात होते तोपर्यंत मी आशियाई आहे हे मला माहीत नव्हतं. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर उतरल्यावर फॉर्मने सांगितलं. त्या एका चौकोनात आपण, चिनी, फिलिपिनो, लाओसकडचे ह्मोंग, जपानी, बांगलादेशी सगळे कोंबलेले. सरासरी काढली की आशियाई लोक शिकलेले, पैसेवाले, दीर्घायुषी. ती सरासरी आपल्याला आवडते, आपण ती भाषणात वापरतो. पण तिच्याखाली काय दडतं ते न्यूयॉर्कच्या सरकारी इस्पितळांनी कोविडच्या काळात पाहिलं. 'आशियाई' या शीर्षकाखालचे रुग्ण वेगवेगळे मोजले तेव्हा दक्षिण आशियाई माणसांत लागण आणि इस्पितळात भरती होण्याचं प्रमाण चढं निघालं, आणि चिनी रुग्णांत मृत्यूचं प्रमाण सगळ्या गटांपेक्षा जास्त. एकत्र मोजलं असतं तर दोन्ही दिसलं नसतं. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकी सरकारने आपले फॉर्म बदलायचं ठरवलं, आता 'आशियाई'खाली भारतीयांचा वेगळा चौकोन असायला हवा. तो भरा. इस्पितळात, सर्वेक्षणात, जिथे विचारतील तिथे. कंटाळा करून 'अन्य'वर टिक करू नका.

लपवण्याला कारणं आहेत, ती मी नाकारत नाही. मार्च १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत प्लेगच्या एका संशयित मृत्यूवरून चायनाटाउनभोवती दोर बांधले गेले. गोऱ्यांना बाहेर सोडलं आणि चिनी माणसांना आत कोंडलं. २०२० मध्ये कोविडच्या साथीत आशियाई दिसणाऱ्या कुणाकुणावर रस्त्यात थुंकलं गेलं तेही आपण विसरलेलो नाही. आणि आमच्याच न्यू जर्सीत, २०११ साली, प्रवेश मिळालेल्या दोन विद्यार्थ्यांना केवळ हिपॅटायटिस बी आहे म्हणून वैद्यकीय शिक्षण नाकारलं गेलं होतं. पण त्या गोष्टीचा उत्तरार्ध आपल्याला कुणी सांगत नाही. अमेरिकेच्या न्याय खात्याने अपंगांच्या हक्कांच्या कायद्याखाली ते प्रकरण हातात घेतलं, आणि २०१३ मध्ये विद्यापीठाला तडजोड करून त्या मुलांना प्रवेश द्यावा लागला. तुमच्या मुलाला डॉक्टर करायचं असेल तर हे लक्षात असू द्या. कायदा त्याच्या बाजूने आहे. रिपोर्ट कपाटात ठेवून तो विषाणू जाणार नाही, आणि रोज एक गोळी घेऊन त्याला दाबून ठेवता येतं.

महिलादिनाला आपण आनंदीबाईंचा फोटो लावतो. आमच्या मंडळाने तर एकदा त्यांच्यावर छोटी नाटुकली बसवली होती, मी त्यात कार्पेंटरबाई झाले होते. आनंदीबाईंना अमेरिकेत आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या या कार्पेंटरबाई रोझेलच्या, न्यू जर्सीच्या; माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर. आनंदीबाई जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. त्याच्या सव्वा वर्ष आधी रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये टीबीचा जंतू दाखवला होता. मार्च १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या, बाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत. क्षयाने. नाटुकलीत आम्ही हे "आजारपणाने" असं म्हटलं होतं. संहिता माझ्याच हातची, म्हणजे तो शब्द मीच खोडला. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहेत. आपल्यातले बरेच जण तिथे जाऊन फुलं ठेवून येतात. आणि ज्या औषधाने टीबीला पहिल्यांदा हरवलं ते स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं न्यू जर्सीच्याच रटगर्स विद्यापीठात, जिथे आपली निम्मी मुलं शिकतात. आनंदीबाईंना ते छप्पन्न वर्षांनी चुकलं. आपल्याला चुकायचं कारण नाही.

आता शिबिराचं. मी डॉक्टर नाही, पण क्लिनिकमध्ये आणि फोनवर जे पाहिलं-ऐकलं त्यावरून सांगते, पुढचं तुमच्या डॉक्टर सभासदांनी ठरवावं.

हिपॅटायटिस बीसाठी एका वेळच्या रक्तातून तीन गोष्टी बघतात: विषाणू आत्ता आहे का, पूर्वी येऊन गेला का, आणि लशीचं संरक्षण आहे का. २०२३ पासून सीडीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राचा, सल्ला आहे की प्रत्येक प्रौढाने आयुष्यात एकदा तरी ही करून घ्यावी. संरक्षण नसेल तर लस. विषाणू असेल तर यकृताच्या डॉक्टरकडे नियमित तपासणी, आणि नवरा, बायको, मुलं, भावंडं सगळ्यांची तपासणी. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, बाळाला अंगावर पाजल्याने तो पसरत नाही. हे फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा, कारण पहिली ताटवाटी वेगळी होते ती याच भीतीने.

टीबीच्या रक्ततपासणीला थोडी व्यवस्था लागते. रक्त घेतल्यापासून ठरावीक तासांत ते प्रयोगशाळेत पोचवावं लागतं, म्हणजे रविवारी दुपारी आरतीनंतर नळ्या घेऊन कुणी तरी गाडी हाकायला हवं. म्हणून कौंटीच्या आरोग्य खात्याशी आधी बोला. त्यांना आपल्यासारख्या गटापर्यंत पोचायचंच असतं, त्यांच्याकडे मराठी पत्रकं नसतात इतकंच. दोन्ही तपासण्यांची शिफारस जास्त प्रमाणाच्या देशांत जन्मलेल्यांसाठी राष्ट्रीय पातळीवरच्या समितीनेच केली आहे, त्यामुळे बहुतेक खासगी विम्यात त्यांचे पैसे पडत नाहीत. विमा नसलेले आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात, त्यांच्यासाठी कौंटीचं टीबी क्लिनिक असतं. आजी बाळंतपणाला येते आणि दिवसभर तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन बसते. तीन आठवडे खोकला असेल तर तो सुंठीच्या काढ्यावर ढकलू नका. तान्ह्या मुलांत टीबी मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो.

खोकला नाही म्हणजे टीबी नाही, असंही नाही. आपल्या लोकांत मानेतल्या गाठींचा, मणक्याचा, पोटाचा, गर्भाशयाचा टीबी बऱ्यापैकी दिसतो. मूल होत नाही म्हणून वर्षानुवर्षं फिरणाऱ्या जोडप्यांच्या तपासण्यांत कधी कधी शेवटी हाच निघतो. अशा वेळी नवऱ्याला किंवा दिराला दुभाषी बनवून बाईला डॉक्टरसमोर बसवू नका. इस्पितळाने फुकट दुभाषी द्यावा असा कायदा आहे, मागा. फोन उचलणारी कदाचित मीच असेन.

आणि दोन्ही तपासण्या एकत्र घ्या म्हणते त्यालाही कारण आहे. टीबीच्या काही गोळ्यांचा भार यकृतावर पडतो, म्हणून त्या सुरू करण्याआधी डॉक्टर हिपॅटायटिसचं विचारतातच. संधिवाताची किंवा कर्करोगाची काही औषधं सुरू करतानाही दोन्ही बघतात, कारण त्या औषधांनी झोपलेला टीबीही उठतो आणि दबलेला विषाणूही. तोपर्यंत थांबायचं, की आधीच माहीत असलेलं बरं?

नावं कुठेही वाचून दाखवू नका. शिबिरात निकाल देऊ नका, बंद पाकिटात किंवा फोनवर द्या, आणि पाकिटात पुढचा पत्ता आणि फोन नंबर लिहा. माझ्या पाकिटात तो नव्हता.

स्पॉन्सरचं म्हणाल तर आमच्या मंडळाच्या दोन मुख्य स्पॉन्सरांपैकी एक जण आयुर्विमा विकतो. त्याला मी स्वतः जाऊन विचारलं. तो म्हणाला, "ताई, बॅनरवर नाव मोठं आलं पाहिजे, बाकी काय तपासायचं ते तपासा."

यंदाच्या मीटिंगला मी बटाटेवड्यांची जबाबदारी घेणार नाही, आधीच सांगून ठेवते. तपासणीच्या टेबलावर मराठी बोलणारं कुणी लागेल, तिथे मी बसेन. दुसऱ्या राज्यातल्या मंडळांना फलकांचा आणि पत्रकांचा मराठी मजकूर हवा असेल तर लिहून देते, पैसे नकोत. लेटंट टीबीसाठी 'झोपलेला टीबी' हा शब्द चालेल का, की कुणाला याहून बरा सुचतोय, तेवढं कळवा.

आपली,
एक दुभाषी
न्यू जर्सी